शेवटचे दोन यार्ड

अमेरिकन फुटबॉलबद्दल आलेल्या पत्रांपैकी या अंकात फक्त गोल लाइनजवळच्या डावपेचांविषयीची पत्रं घेतली आहेत. गोल लाइन म्हणजे चेंडू पोचवून टचडाउनचे गुण मिळवायची रेषा.

प्रश्न : संघ सत्तर-ऐंशी यार्ड झपाट्याने पुढे येतो, पण शेवटचे दोन यार्ड तीन-तीन प्रयत्नांत निघत नाहीत. खेळाडू तेच, मग अडतं कुठे? (एक वाचक, सांगली)

आधी जागेचा हिशेब पाहा. चेंडू मैदानाच्या मध्यावर असतो तेव्हा बचाव करणाऱ्या संघाला मागचे ५० यार्ड आणि गोल लाइनच्या मागच्या एंड झोनचे १० अशी ६० यार्डांची खोली राखावी लागते. चेंडू दोन यार्डांवर आला की ती खोली १२ यार्डांवर येते. रुंदी मात्र तेवढीच राहते, ५३ यार्ड १ फूट. लांब पासाची धास्ती उरत नाही, त्यामुळे एरवी दहा-बारा यार्ड मागे असणारे सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) थेट लाइनमनच्या (रेषेवर समोरासमोर भिडणाऱ्या खेळाडूंच्या) पाठीशी येऊन उभे राहतात. एंड झोनची मागची रेषाही बचावाच्याच कामी येते, कारण तिच्यावर किंवा तिच्या बाहेर पाय पडला की झेल मान्य होत नाही.

मग माणसं मोजा. क्वार्टरबॅकने (डाव चालवणाऱ्या, पास टाकणाऱ्या खेळाडूने) चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) हातात दिला की क्वार्टरबॅक खेळातून बाहेर झाला आणि चेंडू नेणारा स्वतःसाठी अडवू शकत नाही. अडवायला उरले नऊ, समोर अकरा. मैदानाच्या मध्यावर ते दोन जादाचे बचावपटू लांब असतात, त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत सहा यार्ड मिळून जातात. गोल लाइनवर ते तीन पावलांवर असतात. म्हणून इथला प्रत्येक चांगला डाव त्या दोघांची सोय लावण्यासाठी रचलेला असतो. क्वार्टरबॅकने स्वतः चेंडू नेला तर अडवणारे दहा होतात. त्याने हातात देण्याचा नुसता देखावा करून पास टाकला तर ते दोघे धाव अडवायला पुढे येतात आणि त्यांच्या मागची जागा मोकळी होते. ही मोजणी पक्की झाली की खालच्या सगळ्या उत्तरांचं मूळ सापडेल.

एक चूक वारंवार दिसते. वेळ घेणारी धाव इथे निवडू नये. गार्डने (चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या शेजारच्या लाइनमनने) आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला धावत जायचं आणि बॅकने त्याची वाट पाहायची, असा डाव चार यार्डांवर ठीक आहे. एका यार्डावर समोरचे लाइनमन मुद्दाम गुडघ्यांखाली झेप घेऊन ढिगारा करतात, आणि फिरून येणारा गार्ड त्यातच अडखळतो. खूप बाहेरून वळसा घालणारी धावही तशीच महागात पडते. फसली तर तीन-चार यार्ड मागे जावं लागतं, आणि मग पुढच्या वेळी पास येणार हे समोरच्याला कळलेलंच असतं.

प्रश्न : २०१५च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन व्यावसायिक लीग एनएफएलच्या अंतिम सामन्यात) सिअॅटलने एका यार्डावरून पास टाकला आणि सामना घालवला. मार्शॉन लिंचसारखा बॅक असताना हा वेडेपणा नव्हता का? (एक वाचक, डोंबिवली)

नव्हता, आणि हे आम्ही ठामपणे म्हणतो. चुकलं ते वेगळंच.

१ फेब्रुवारी २०१५, ग्लेनडेल, अॅरिझोना. न्यू इंग्लंड २८, सिअॅटल २४. पहिल्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) लिंचने चार यार्ड नेऊन चेंडू एका यार्डावर आणला. दुसऱ्या डाउनला चेंडू मागे दिला तेव्हा घड्याळात २६ सेकंद होते आणि सिअॅटलकडे एकच टाइमआउट होता. आता हिशेब करा. धाव अडली तर घड्याळ चालूच राहतं, अपुरा पास मात्र ते थांबवतो. दुसऱ्या डाउनला धाव अडली असती तर टाइमआउट तिथेच खर्ची पडला असता. तिसऱ्यालाही धाव अडली असती तर ढिगाऱ्यातून उठून, रांग लावून चौथा प्रयत्न करायला वेळ पुरला नसता. तिन्ही प्रयत्न हवे असतील तर त्यांतला एक पास असायलाच हवा होता. समोर न्यू इंग्लंडने धाव अडवणारी धिप्पाड माणसं उभी केली होती आणि सिअॅटलचे तीन रिसीव्हर (पास झेलणारे) मैदानात होते. पास दुसऱ्याच डाउनला टाकणं त्यामुळे तर्काला धरून होतं.

चूक पासाच्या जातीत होती. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे होते. पुढच्या जर्मेन कर्सने समोरच्याला गुंतवायचं आणि मागच्या रिकार्डो लॉकेटने त्याच्या आडून आत घुसायचं, असा बेत. न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने कर्सला रेषेवरच छातीला हात लावून रोखून धरलं. आडोसा तयारच झाला नाही, आणि त्याचा साथीदार माल्कम बटलर याला लॉकेटपर्यंत सरळ वाट मिळून त्याने पास पकडला. आतल्या बाजूला टाकलेला पास चुकला की तो गर्दीत जातो आणि समोरच्याच्या हाती लागतो. साइडलाइनकडे टाकलेला चुकला तर बाहेर पडतो, सहा-सात सेकंद जातात आणि दोन प्रयत्न शिल्लक राहतात. अशा घडीला पास निवडताना ‘लागला तर काय’ याच्याआधी ‘चुकला तर चेंडू कुठे जाईल’ हे विचारावं.

प्रश्न : धावणारा गोल लाइनवर पडला, चेंडू हातातून सुटून कोपऱ्यातून बाहेर गेला आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याला दिला. हा कुठला नियम? (एक वाचक, पणजी)

चेंडू पुढे सुटून एंड झोनमधून बाहेर गेला तर टचबॅक धरतात. एनएफएलमध्ये प्रतिस्पर्ध्याला त्याच्या २० यार्ड रेषेवरून चेंडू मिळतो. शिक्षा जबर आहे, पण नियम स्पष्ट आहे. कबड्डीत चढाई करणारा पकडीत असतानाही हात लांबवून मध्यरेषा गाठतो, तसं इथे चेंडू लांबवून रेषेच्या वरची हवा छेदली तरी टचडाउन मिळतं. या मोहापायीच चेंडू सुटतो. पहिल्या-दुसऱ्या डाउनला चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरावा. हात लांब करायचा तो चौथ्या डाउनला, जेव्हा राखायला काही उरलेलं नसतं.

प्रश्न : फिलाडेल्फियाचा ‘टश पुश’ हा क्वार्टरबॅकला मागून रेटण्याचा डाव सगळ्यांना माहीत आहे, तरी अडवता का येत नाही? आणि मागून ढकलणं नियमात बसतं का? (दोन वाचक, पुणे आणि एडिसन, न्यू जर्सी)

बसतं. चेंडू नेणाऱ्याला आपल्याच माणसाने मागून ढकलण्यावरची बंदी एनएफएलने २००५ साली उठवली. पुढून ओढणं अजूनही नियमबाह्य आहे. हा डाव बंद करण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये मतदानाला आला. ३२ पैकी २४ मतं हवी होती, २२ पडली.

आता जवळून पाहा. लाइनमन पायाला पाय लावून उभे राहतात, मध्ये फट ठेवत नाहीत, आणि इतके खाली वाकतात की हेल्मेट जवळजवळ गवताला टेकतं. कुस्तीत कंबर खाली घालून समोरच्याला उचलतात, तोच हा जोर. सेंटरने चेंडू मागे देताच सगळे एकदम पुढे रेटतात. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स सेंटर आणि गार्ड यांच्यामधल्या खाचेत घुसतो, आणि त्याच्या मागे उभी असलेली माणसं त्याला कमरेखालून ढकलतात. वर सांगितलेली मोजणी इथे पुरती उलटते. क्वार्टरबॅक स्वतः चेंडू नेतो आणि मागच्यांची ताकदही वाया जात नाही. बचावाला चेंडू केव्हा हलणार हे माहीत नसतं, आक्रमणाला माहीत असतं. अर्ध्या यार्डाच्या लढाईत तो क्षणभराचा फरक पुरतो.

फसतो तो बहुधा तीन कारणांनी. गार्ड चेंडूच्या आधी हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. एका यार्डावरून सहा यार्डांवर गेलात की हा डाव संपला. दुसरं, इतक्या दाटीत सेंटर-क्वार्टरबॅकची चेंडूची देवाणघेवाण निसटते. तिसरं, क्वार्टरबॅक घुसताना सरळ उभा होतो आणि मागचा रेटा वाया जातो.

बचाव करणाऱ्यांनीही उपाय शोधले. जानेवारी २०२५ मध्ये एनएफसीच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा फ्रँकी लूवू चेंडू हलण्याआधीच रांगेवरून उडी मारत राहिला. अशा दंडात चेंडू उरलेल्या अंतराच्या निम्म्यानेच पुढे सरकतो. अंतर फूटभर असेल तर दंडाला अर्थच राहत नाही. शेवटी पंचांनी बजावलं की हे थांबलं नाही तर गुण बहाल करू.

प्रश्न : चौथा डाउन, एक यार्ड. तीन गुणांची किक घ्यावी की टचडाउनसाठी जावं? (एक वाचक, नाशिक)

सामन्याच्या पहिल्या तीन भागांत असाल तर जावं. किकचे ३, टचडाउन आणि त्यानंतरची किक मिळून ७. नुसता भागाकार केला तरी ४३ टक्के यश पुरतं, आणि टचडाउननंतर किकऐवजी दोन यार्डांवरून होणारे दोन गुणांचे प्रयत्नसुद्धा साधारण निम्म्या वेळा यशस्वी होतात. फसलात तरी समोरच्याला स्वतःच्या एक यार्डावरून, पाठीशी एंड झोन घेऊन सुरुवात करावी लागते. किक मारली तर तो बहुधा ३० यार्डांच्या आसपासून सुरू करतो. शेवटच्या मिनिटांत तीन गुणांनी बरोबरी किंवा विजय मिळत असेल तर मात्र किक. चौथ्याला पाच यार्ड हवे असतील तरीही किक.

प्रश्न : कॅन्सस सिटीचे रिसीव्हर गोल लाइनजवळ एकटेच मोकळे कसे सापडतात? (एक वाचक, ठाणे)

१२ फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमधले चौथ्या भागातले दोन टचडाउन पुन्हा पाहा. केडेरियस टोनी ५ यार्डांवरून, स्काय मूर ४ यार्डांवरून, आणि दोघांच्याही आसपास कोणी नाही. रिसीव्हर बाहेरून आत धावू लागतो, जणू चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला जाणार. त्याचा बचावपटू गर्दीतून त्याच्यामागे धावण्याऐवजी त्याला आतल्या साथीदाराच्या हवाली करतो. नेमक्या त्याच क्षणी रिसीव्हर पाय रोवून उलटा फिरतो आणि आला त्या बाजूला पळतो. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये जादा वेळेत मिकोल हार्डमनने ३ यार्डांवरून विजयी टचडाउन केलं, ते याच घराण्यातलं.

नियमाने चेंडू हलताना एकच खेळाडू फिरता असू शकतो, आणि त्याने रेषेच्या दिशेने जायचं नसतं. उलटा फिरताना एक पाऊल पुढे पडलं तरी पाच यार्ड गेले. शिवाय समोरचे माणसाला माणूस न लावता जागा वाटून उभे असतील तर हा डाव लावू नका, कारण बाहेरचा बचावपटू जागचा हलतच नाही. ओळखायची खूण साधी आहे. रिसीव्हर आत निघाल्यावर कोणी त्याच्याबरोबर सरकतो का, ते पाहा.

प्रश्न : आम्ही कॉलेजात मुलींचा फ्लॅग फुटबॉल संघ बांधतोय. वरच्यापैकी काय उचलता येईल? (एक वाचक, कोल्हापूर)

फ्लॅग फुटबॉल, म्हणजे पाडण्याऐवजी कमरेचा फ्लॅग ओढून अडवायचा खेळ, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, तेव्हा सरावाला योग्य वेळी लागलात. पाच जणींच्या खेळात ढकलणं आणि अडवणं दोन्ही नाही. शिवाय एंड झोनच्या आधीचे पाच यार्ड धावबंदीचे असतात, तिथून पासच टाकावा लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या यार्डावर असाल तर धाव तिथेच वापरून पाहा. चार यार्डांवर आलात की तो पर्याय गेला.

तीन पास पक्के करा. एक, कोपऱ्यातल्या खांबाकडे उंच पास. दोन, आत दोन पावलं टाकून झटकन बाहेर वळणारा पास. तीन, सेंटरला दिलेला छोटा पास. चेंडू मागे दिला की सेंटरही पास घेऊ शकते, आणि समोरच्या मुली तिला नेमक्या विसरतात. दोन रिसीव्हर एकमेकींच्या जवळून धावतात तेव्हा हातभर अंतर ठेवा. धक्का लागला की दंड तुम्हालाच. चेंडू झेलल्यावर हात आपसूक कमरेच्या फ्लॅगपाशी जातो, त्यालाही दंड आहे, म्हणून झेल घेतल्यावर चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून वळायची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावा.