एटीव्ही उलटून पाय मोडला. फॉर्मवर सही केली आहे, भरपाई मागता येईल का?

प्रश्न : मी डिचोलीचा, वायरिंगची कामं करतो. तीन महिन्यांपूर्वी मित्रांसोबत पेडण्याकडच्या एका सड्यावर, म्हणजे पठारावर, एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायची चार चाकी मोटारगाडी) चालवायला गेलो होतो. उतारावर गाडी उलटून अंगावर आली, नडगीचं हाड मोडलं, प्लेट बसवली. हेल्मेटचा पट्टा तुटका होता. पैसे मित्राने जीपेने भरले. आधी ‘सर्व जबाबदारी माझी’ अशा फॉर्मवर सही घेतली होती. राइडवाला आता पंधरा हजारांत मिटवू म्हणतो. खर्च झेपत नाही म्हणून फिजिओथेरपी आणि तपासणी बंद केली आहे. हल्ली सकाळी डोकं जड असतं.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याने मला काळजी वाटली, म्हणून आधी तेच. गाडी उलटताना डोक्यालाही मार लागला असेल तर आत हळूहळू रक्त साचून त्रास काही आठवड्यांनी सुरू होऊ शकतो. आजच गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा आणि अपघाताची हकीकत स्वतःहून सांगा. उलट्या, गुंगी, बोलताना अडखळणं असं काही होत असेल तर थेट १०८ ला फोन करा. कायद्याचं नंतर बघू.

आता सही. तिला घाबरू नका. सही करून तुम्ही खेळातली जोखीम पत्करलीत, राइडवाल्याचा निष्काळजीपणा पत्करला नाहीत. एटीव्ही चालवणाऱ्याला उतारावर स्वतःचं वजन बरोबर बाजूला टाकावं लागतं. हे न शिकवता, तुटक्या पट्ट्याचं हेल्मेट देऊन नवख्या माणसाला उतारावर सोडणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि छापील फॉर्म पुढे करून ती सहसा झाकता येत नाही. ‘तुम्ही वेगात होता’ असं तो म्हणेल. ते सिद्ध झालं तर भरपाई कमी होईल, पण दावा बुडेलच असं नाही.

पैसे मित्राने भरले याने बिघडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच. मित्राच्या मोबाईलमधली जीपेची नोंद मात्र आजच जपून ठेवा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, म्हणजे तुमच्यासाठी उत्तर गोवा. मुदत दोन वर्षांची, आणि सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

तुमचा दावा खरा अडतोय तो बंद केलेल्या उपचारापाशी. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की पाय अपघाताने अधू झाला की व्यायाम सोडल्याने? नुकसान वाढू न देण्याची काळजी जखमी माणसानेही घ्यायची असते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शरीराचं अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या माणसाची कमाई किती बुडाली हे पाहावं. हात गेलेला कारकून नोकरीत टिकू शकेल, गाडी चालवणाऱ्याची कमाई मात्र जवळपास पूर्ण बुडते. तुमचं पोट शिडीवर उभं राहण्यावर आहे. गुडघा किती वाकतो, घोट्यावर भार पेलतो का, हे फिजिओथेरपिस्ट दर भेटीत लिहितो. ती नोंद तुमच्या बाजूने बोलेल. अपंगत्वाचा दाखलाही उपचार पुरे झाल्यावरच घ्यावा. तेव्हा सरकारी इस्पितळात फिजिओथेरपी पुन्हा सुरू करा, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर सोबत न्या. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं, तपासणीला जाण्याचं भाडं, बुडालेल्या कामांचे मेसेज, सगळं एका फाईलमध्ये लावा.

म्हणूनच पंधरा हजारांच्या कागदावर सही नको. प्लेट काढायची वेळ आली तर त्या शस्त्रक्रियेचाच खर्च त्याहून जास्त होऊ शकतो. निकड असेल तर रक्कम घ्या, पण पावतीवर ‘उपचारखर्चापोटी आगाऊ, उर्वरित हक्क राखून’ असं लिहा. ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असं वाक्य दिसलं तर पेन खाली ठेवा.

पोलीस तक्रार अजून केली नसेल तर आता करा. उशीर का झाला ते इस्पितळाच्या कागदांवरून दिसेल. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, त्यामुळे भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) लागू शकतं. तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. राइडवाल्याकडे पर्यटन खात्याची नोंदणी आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंगमध्ये दोघांचा जीव गेला, तेव्हाही व्यवसाय परवानगीविना चालत असल्याचं पुढे आलं होतं.

एक तारीख मात्र चुकवू नका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सड्यावर फिरणारी, नंबरप्लेट नसलेली गाडी कायद्याने ‘मोटार वाहन’ ठरेल का, यावर वाद होईल, म्हणून माझा भर ग्राहक आयोगावर आहे. तरी उरलेल्या तीन महिन्यांत एखाद्या वकिलाला कागद दाखवून हा मार्ग तपासून घ्या. फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा.