वाळवीचा खर्च कुणाच्या माथी?

प्रश्न : वकीलताई, आम्ही एप्रिलमध्ये शुक्रवार पेठेत एक जुनं कौलारू दुमजली घर घेतलं. व्यवहाराआधी तीनदा पाहिलं होतं. सगळीकडे ताजा रंग होता, माजघराच्या एका भिंतीला प्लायवुड लावलेलं होतं. जुलैत पावसाची झड लागली आणि माजघराच्या दाराची चौकट खालून बोटानं दाबली तरी आत जायला लागली. सुतारानं प्लायवुड काढलं, तर मागं भिंतभर मातीच्या नळ्या आणि वरच्या सागवानी तुळईचं टोक पोकळ. त्यानं 2 लाख 40 हजार खर्च सांगितलाय. घरमालक म्हणतात, ‘बघून घेतलंय तुम्ही, खरेदीखतात आहे त्या स्थितीत असं लिहिलंय.’ शेजारच्या मावशी म्हणतात, दिवाळीआधी औषध मारणारी माणसं दोन दिवस येत होती. पैसे मिळतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी तुळईखाली टेकू लावा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. भांडण चार महिने थांबेल, तुळई थांबणार नाही.

आता पैशाचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजीनं पाहूनही सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचाच असतो. दडवला तर त्याच कलमात त्याला फसवणूक म्हटलंय. ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांना वजन आहे, कारण करारात वेगळं ठरलं असेल तर हे कर्तव्य बाजूला राहू शकतं. पण मुद्दाम झाकलेल्या दोषावर त्या तीन शब्दांचं पांघरूण घालता येत नाही. तेव्हा सगळं दोन गोष्टींवर येतं : त्यांना माहीत होतं का, आणि तुम्हाला दिसण्यासारखं होतं का.

माझे वडील सुतार होते. घर बघायला गेले की पटाशीची मूठ चौकटीवर ठोकत ठोकत खालपासून वर जायचे. भरीव लाकूड ‘टक’ म्हणतं, खाल्लेलं ‘डब’. तुमच्या चौकटीबद्दल समोरचा वकील नेमकं हेच विचारेल, ठोकून का नाही पाहिलं? तिथं तुमची बाजू थोडी लंगडी आहे, आणि ती मी लपवणार नाही. प्लायवुडमागच्या भिंतीचं मात्र तसं नाही. दुसऱ्याच्या घरातलं पॅनेल उचकटून बघायला कुणी जात नाही.

मावशींचं म्हणणं खरं असेल तर त्याची खूण घरातच सापडेल. भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं गुडघे टेकून बॅटरी मारा. वाळवीचं औषध सोडताना साधारण फुटाफुटावर बोटाएवढी भोकं पाडतात आणि नंतर सिमेंटनं बुजवतात. अशी ठिपक्यांची रांग प्लायवुडच्या आतल्या बाजूला मिळाली, तर त्यांना वाळवीचं ठाऊक होतं आणि पॅनेल नंतर आलं, हे ती रांगच सांगेल. उघड्या भिंतीला मिळाली, तर ते म्हणतील, ‘दिसत होतं की.’ त्यावर माझं उत्तर असं, की ठिपके औषध मारल्याचं सांगतात, तुळई पोकळ असल्याचं नाही. औषधाच्या बिलाची प्रत कुणाकडे मिळते का बघा, आणि मावशींचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर घ्या. एवढ्यावर हक्कानं मागता येईल असं मला वाटतं.

बांधकामातल्या दोषाची रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातली पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर असते. जुनं घर विकणाऱ्या खाजगी मालकाला ती लागू नाही. ग्राहक आयोगाचाही उपयोग नाही. रस्ता दिवाणी कोर्टाचाच, आणि फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत. आधी वकिलाकडून नोटीस पाठवा. खरेदी रद्द करा असं मागू नका; तुम्हाला घर हवंय, मग भरपाईच मागा. अशा प्रकरणात बरेचदा नोटिशीनंतर अर्ध्यावर तडजोड होते, आणि ती घ्यायला मी कमीपणा मानत नाही.

रकमेबद्दल एक. सागाचा गाभा वाळवीला सहसा लवकर दाद देत नाही, ती बाहेरचं पांढुरकं लाकूड आधी खाते. सुताराला टोक तासून आतला गाभा बघू दे. कदाचित अख्खी तुळई बदलावी लागणार नाही. आकडा जितका खरा, तितकी नोटीस जड.

आणि काम सुरू करण्याआधी फोटो काढा, शक्य असेल तर तज्ज्ञ इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. चौकटीचा कापलेला तुकडा सुताराला टाकू देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, वर तारीख लिहा आणि घरातल्या लाकडापासून लांब ठेवा. तोच तुमचा पहिला साक्षीदार आहे.