पंपाची सवय लागेल का?

पंचावन्न-साठच्या एक मावशी. सोबत मुलगा आणि सून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) फुंकण्याच्या तपासणीचा, म्हणजे स्पायरोमेट्रीचा, कागद मुलाच्या हातात, त्यावर 'सीओपीडी', म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा, कायम राहणारा आजार. त्याचे प्रश्न दोन, आणि हे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतात. "आईनं कधी बिडीला हात लावला नाही, मग तिला हा आजार कसा?" आणि "पंप एकदा लागला की सुटत नाही म्हणतात. गोळ्यांवर नाही का भागणार?" पंप म्हणजे औषध श्वासावाटे ओढायचा इन्हेलर. मावशी गप्प होत्या. वाक्य पुरं व्हायच्या आत श्वास घ्यावा लागत असेल, तर माणूस बोलणंच टाळतो.

पहिल्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. तीसेक वर्षं बिनखिडकीच्या खोलीत चूल, गोवऱ्या आणि तुराट्या, पावसाळ्यात ओलं सरपण, आणि जाळ धरेना म्हणून फुंकणी घेऊन धुराला तोंड देऊन बसणं. तंबाखू न ओढणाऱ्या बायकांमध्ये सीओपीडीचं हे मोठं कारण आहे. हे ऐकल्यावर मुलाचा चेहरा पडतो, कारण त्या चुलीवर तोच जेवलेला असतो. त्याला इतकंच सांगायचं की तेव्हा दुसरी सोय नव्हती, आता आहे. मात्र "घरात गॅस आहे का?" असं विचारून काही कळत नाही, सगळे हो म्हणतात. "काल अंघोळीचं पाणी कशावर तापलं?" असं विचारायचं. इथेही सिलिंडर होता आणि पाणी चुलीवरच तापत होतं, भाकऱ्याही. मिश्री घरी भाजतात का, तेही विचारावं. तो धूरही छातीतच जातो.

मग कागद. औषध ओढायला देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकून घेतलं, तरी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत असं धरतात. मावशींचं प्रमाण ५८ टक्के होतं. खाली आणखी एक आकडा, ५४ टक्के, आणि घरानं त्याचा अर्थ लावला होता, "अर्धं फुफ्फुस गेलं." तसं नाही. त्याच वयाची, उंचीची निरोगी बाई पहिल्या सेकंदात जेवढी हवा फुंकेल, त्याच्या ५४ टक्के मावशी फुंकतात. मध्यम तीव्रतेचा आजार. हा एक खुलासा झाला आणि मावशी पहिल्यांदा बोलल्या, "म्हंजी अजून चालंल की."

आता पंप. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, दोन दाबांत २००. म्हणजे ४ मिलिग्रॅमची एक गोळी दोन दाबांच्या वीसपट. ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध थोडं, आणि लागतं तिथेच. नशेची ओढ असते तशी पंपाची नसते. पंप बंद केल्यावर दम वाढतो कारण नळ्या पुन्हा आवळतात. आजार राहणारा आहे म्हणून औषध राहतं. पंप दोन असतील तर कुठला रोजचा आणि कुठला धाप लागल्यावरचा, हे चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं. बरं वाटलं की लोक रोजचाच बंद करतात.

"मावशी, घेऊन दाखवा बरं." त्यांनी पंप न हलवता तोंडात धरला, आधी दाबला आणि मग श्वास घेतला. ओठांच्या कडेनं पांढरी वाफ बाहेर आली. औषध जिभेवरच राहिलं. 'पंपानं गुण येत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा एवढंच असतं. स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला बसवायची पोकळ नळी, लावला की दाब आणि श्वास यांचा मेळ जमवण्याची कसरत कमी होते. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, एकदा दाबून सावकाश खोल ओढायचं, दहापर्यंत मोजेस्तोवर धरायचं. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटानं. रोजच्या पंपात स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्यानं पुसला तर औषध आतल्या भिंतींना चिकटतं.

रात्रीची भीती वेगळी. धाप लागली की माणूस घाबरून भराभर श्वास घेतो. पण या आजारात अडकते ती बाहेर जाणारी हवा. आधीचा श्वास निघाला नाही तोवर पुढचा आत येतो, छाती फुगून बसते, भीती वाढते. म्हणून शिकायचं ते सोडायला: पुढे वाकून कोपर मांडीवर टेकायचे, नाकानं दोन मोजेपर्यंत आत, गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून चार मोजेपर्यंत बाहेर. हे दिवसा, धाप नसताना घोटलेलं असलं तरच रात्री आठवतं.

सुनेनं काळजीपोटी सगळी कामं काढून घेतली होती. "नुसतं बसवून ठेवलंय," ही मावशींची खरी तक्रार, आणि ती रास्त होती. बसून पायांचे स्नायू सैल पडतात, मग थोडं चाललं तरी आधीपेक्षा लवकर धाप लागते. सपाटीवर रोज दहा मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगानं, मग हळूहळू वाढवत. अंघोळ स्टुलावर बसून. भाजी निवडणं, दळणाचं धान्य निवडणं त्यांच्याकडेच, पण पाखडणं नाही. धूळ उडते. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.

बेडका वाढला, हिरवा-पिवळा झाला किंवा धापेचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. ओठ निळे, बोलता न येणं, गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

उठता उठता मुलानं विचारलं, "ऑक्सिजनचं मशीन घेऊन ठेवू का?" बसल्या जागी मावशींच्या रक्तातलं ऑक्सिजन ९४ टक्के होतं. घरचा ऑक्सिजन ८८ किंवा त्याखाली टिकून राहणाऱ्यांना, तोही डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावर, दिवसाला किमान पंधरा तास लावतात. मनानं जास्त सोडला तर या आजारात रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. त्याला म्हटलं, मशीन राहू दे, त्या पैशात पाण्याला सोलर बसव.