गॅलिक गाण्याच्या स्पर्धा : उच्चार, तयारी आणि जतन

स्कॉटलंडमधल्या गॅलिक भाषेतल्या गायनस्पर्धांबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : 'रॉयल नॅशनल मॉड' हे नाव वारंवार वाचनात येते. ही स्पर्धा कोण भरवते? तिथे फक्त गाणेच असते का?

उत्तर : ती भरवते 'अन कोमन गेलाख' ही संस्था. ही संस्था १८९१ मध्ये ओबन या गावी स्थापन झाली. पहिला मॉड पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये तिथेच भरला. डोळ्यांसमोर नमुना होता तो वेल्समधल्या 'आयस्टेदवॉद'चा, म्हणजे वेल्श भाषेतल्या गाणी-कवितांच्या स्पर्धा-महोत्सवाचा. मॉड दर ऑक्टोबरात वेगळ्या ठिकाणी भरतो : २०२२ मध्ये पर्थ, २०२३ मध्ये पेझली, २०२४ मध्ये पुन्हा ओबन. गाण्याशिवाय पठण, नाट्य, हार्प, फिडल, बॅगपाइप असे विभागही असतात. सर्वाधिक मानाचे ते सुवर्णपदक, स्त्रियांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे. पारंपरिक ढंगाच्या गायकीसाठी स्वतंत्र पदक आहे. मोठ्या मिश्र गायकवृंदांसाठी 'लोव्हॅट अँड टलिबार्डिन' ढाल असते.

नवख्याने थेट राष्ट्रीय मंचावर उडी घेऊ नये. गावोगावी स्थानिक मॉड होतात. तिथे परीक्षकांचे शेरे मिळतात आणि चुका दुरुस्त करायला सवड राहते.

प्रश्न : नोकरीनिमित्त ग्लासगोत आहे. इथल्या गॅलिक गायकवृंदात मला घेतले, पण भाषा अजिबात येत नाही. बाकीचे लोक इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून घेतात. मी देवनागरीत लिहिले तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि खरे तर तुमची सोयच होईल. फक्त आधी काही सवयी मोडाव्या लागतील.

पहिली सवय ट-डची. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना आपण टी आणि डी यांचे ट-ड करतो. गॅलिकमधले 'रुंद', म्हणजे ए, ओ, यू या अक्षरांलगतचे, टी आणि डी मात्र दंत्य आहेत, जीभ दातांना टेकवून उच्चारायचे. तिथे ट लिहिलात की पहिल्याच शब्दाला परीक्षकाचे कान टवकारतील.

दुसरी गोष्ट घोष-अघोषाची. गॅलिक लिपीतले बी, डी, जी हे बहुतांशी आपल्या प, त, क यांच्या जवळ जातात. पी, टी, सी हे शब्दाच्या सुरुवातीला महाप्राण, म्हणजे फ, थ, ख यांच्या जवळ. पण फ लिहिताना सावध राहा. हल्ली आपण तो ओठ-दातांनी घासून म्हणतो. इथे तो दोन्ही ओठ मिटून, मग श्वासाचा झोत सोडून म्हणायचा आहे. स्वरानंतर हेच पी-टी-सी आले तर त्यांच्या आधी हलका हकार येतो. सीच्या आधी तर तो चांगलाच घासलेला ऐकू येतो. 'मॅक' या शब्दाचा उच्चार 'माख्क' असा होतो तो यामुळेच.

तिसरी गोष्ट शेजारच्या स्वरांची. व्यंजनालगत आय किंवा ई असेल तर ते तालव्य होते : एसचा श होतो, डी आणि टी च-छच्या दिशेने सरकतात. ए, ओ, यू असतील तर ते रुंद राहते. हा एक नियम पक्का झाला की पानभर शब्द सुटतात.

चौथी, आणि गायकांना सर्वाधिक नडणारी गोष्ट म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. स्वरावरची तिरकी रेघ दीर्घत्व दाखवते. 'पाऽह्त' म्हणजे होडी, तोच शब्द ऱ्हस्व म्हटला की काठी. नावाड्याच्या गाण्यात चाल आखूड आहे म्हणून तुम्ही स्वर आखडलात, तर होडीची काठी होते. उलटही घडते : गायक सुंदर सुरावर रेंगाळतो आणि ऱ्हस्वाचा दीर्घ करून बसतो. शिवाय एल, आर, एन यांच्यापुढे काही व्यंजने आली की मध्ये न लिहिलेला स्वर उच्चारतात. निळ्या रंगाचा 'गोर्म' लिहिला जातो, म्हटला जातो 'गोरोम' असा. चालीत त्या जादा स्वराला जागा ठेवावी लागते.

सरावाचा क्रम असा ठेवा. वृंदाच्या भाषाशिक्षकाकडून शब्द गाऊन नव्हे, बोलून ध्वनिमुद्रित करून घ्या. ओळीचा अर्थ समजून घ्या. मग ती चालीच्या लयीत नुसती बोला, पाच-सहा वेळा. सूर सर्वांत शेवटी. आधी चाल बसवून नंतर उच्चार सुधारू म्हणणाऱ्यांचे उच्चार सुधारत नाहीत. चुकीचा उच्चार सुराला चिकटून बसतो आणि मंचावर दडपण आले की तोच बाहेर पडतो.

प्रश्न : माझी मुलगी गॅलिक माध्यमाच्या शाळेत आहे. एकल गायनासाठी तिची निवड झाली आहे. परीक्षक नेमके काय पाहतात? तयारी कशी करावी?

उत्तर : भाषेचा परीक्षक वेगळा, संगीताचा वेगळा. म्हणून गोड गळा अर्धेच काम करतो. मुलांचे वर्ग भाषा येणारे आणि भाषा शिकणारे असे निराळे असतात, त्यामुळे प्रवेशिकेत योग्य वर्ग लिहिला आहे ना, हे शाळेकडून खात्री करून घ्या. प्रवेशिकांची मुदत ऑक्टोबरच्या कित्येक महिने आधी संपते.

ठरवून दिलेल्या गाण्याची स्वरलिपी हाती येईल तेव्हा पाश्चात्त्य रेघांच्या जोडीला डी, आर, एम, एफ अशी अक्षरेही दिसू शकतात. ही सोल-फा पद्धत. गॅलिक वृंदांमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. त्यातला 'डो' आपल्या षड्जासारखा सरकता असतो, त्यामुळे सारेगम येणाऱ्या घरात ती तासाभरात कळते.

लिपीवरून गाण्यातला धोका मात्र ओळखा. ती सहसा पहिल्या कडव्याची असते. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात अक्षरसंख्या बदलते आणि आघाताच्या जागा सरकतात. गॅलिक शब्दात आघात बहुधा पहिल्या अक्षरावर असतो. ते अक्षर ठेक्याच्या जोरावर आणायचे, त्यासाठी एक स्वर दोन अक्षरांत फोडावा लागला तर फोडायचा, दोन स्वर जोडावे लागले तर जोडायचे. पहिल्या कडव्याचा साचा सगळ्या कडव्यांवर दाबला की शब्द मोडतात, आणि भाषेच्या परीक्षकाला ते लगेच जाणवते. प्रत्येक कडव्यावर पेन्सिलीने आघाताच्या खुणा करून घ्या.

एकल गायन सहसा साथीविना असते. दडपणाखाली मुले पट्टी वर धरतात आणि तिसऱ्या कडव्यात वरच्या स्वराला अडकतात. गाण्यातली सर्वांत उंच ओळ कोणत्या पट्टीत आरामात निघते ते घरी ठरवा आणि ट्यूनिंग फोर्क जवळ ठेवा. मंचावर तो सूर मनात घेतल्यावर पहिली ओळ आतल्या आत म्हणायची आणि मगच तोंड उघडायचे. श्वास अर्थ पुरा होईल तिथेच घ्यायचा. हातवारे नकोत. स्थिर उभे राहून गोष्ट सांगितल्यासारखे गायचे, ही त्या परंपरेची रीतच आहे.

प्रश्न : स्पर्धेमुळे परंपरा टिकते की एकसाची होते? गुणांसाठी गाणारे लोक मूळ गाणे पुसून तर टाकत नाहीत ना?

उत्तर : धोका खरा आहे आणि जुनाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गॅलिक गाणे शहरी दिवाणखान्यात आले ते पियानोची साथ घेऊन. मार्जरी केनेडी-फ्रेझर यांनी हेब्रिडीज बेटांवरची गाणी १९०९ पासून तशी सजवून प्रसिद्ध केली. ती जगभर पोहोचली, पण लयीचे मोकळेपण त्यात बरेच हरवले. फ्रान्सिस टोल्मी यांनी स्काय बेटावरून गोळा केलेली गाणी १९११ मध्ये छापली गेली, ती मात्र सजावटीविना, गाणाऱ्यांच्या तोंडी होती तशी. आजचा गायक यांपैकी कुणाकडे वळतो, यावर पुष्कळ काही ठरते.

कापड बडवतानाच्या गाण्यांचे उदाहरण घ्या. नवे विणलेले लोकरी कापड शिळ्या मूत्रात भिजवून बायका फळीभोवती बसत आणि ते आपटत, फिरवत घट्ट करत. जात्यावरच्या ओवीसारखेच हे कामाचे गाणे. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी अर्थहीन अक्षरांचा पालुपद-घोष उचलायचा, आणि ओळ संपायच्या आत घोष सुरू व्हायचा. स्पर्धेत एकटा गायक दोन्ही भाग म्हणतो तेव्हा हा आच्छादलेला सांधा नाहीसा होतो, श्वास पुरत नाही आणि ठेका ढिला पडतो. सरावाला चार जण टेबलाभोवती बसवा, हाताने ठेका धरा. ती अक्षरे मनाने बदलू नका. त्यांच्यावरूनच जाणकार गाणे ओळखतात.

तोंडी नाचगाण्यांत, म्हणजे वाद्याऐवजी गळ्याने नाचाला साथ देणाऱ्या गाण्यांत, दोष उलटा असतो. टाळ्यांसाठी वेग वाढवला जातो आणि व्यंजने विरघळतात. कसोटी सोपी आहे : त्या गतीला कुणाला पाय टाकता आला पाहिजे.

आमचे मत विचाराल तर स्पर्धा हवीच. ऑक्टोबरची तारीख समोर असते म्हणून शेकडो लोक वर्षभर गॅलिक शब्द तोंडात घोळवतात. पण बाह्य हेब्रिडीज बेटांवर थोडीफार गॅलिक जाणणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये ६१ टक्के होते, ते २०२२ मध्ये ५७ टक्क्यांवर आले. त्याच काळात संपूर्ण देशातली अशा लोकांची संख्या ८७ हजारांवरून १ लाख ३० हजारांवर गेली. म्हणजे शिकणारे वाढताहेत आणि घरात बोलणारे घटताहेत. पाठ केलेल्या गाण्याला भोवती बोलणारी माणसे लागतात. म्हणून प्रत्येक वृंदाने तालमीचा निदान चहाचा वेळ तरी गॅलिकमध्ये घालवावा, असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : जुनी ध्वनिमुद्रणे कुठे ऐकता येतील? आम्हाला एका वयस्क गायिकेची गाणी नोंदवून ठेवायची आहेत.

उत्तर : 'तोबर अन दुअलखिश' या संकेतस्थळावर हजारो ध्वनिमुद्रणे मोफत ऐकता येतात. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या एडिंबरा विद्यापीठाच्या 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज'चा संग्रह, बीबीसीचा, आणि जॉन लॉर्न कॅम्बेल यांचा कॅना बेटावरचा संग्रह तिथे आहे. एकाच गाण्याची किमान तीन रूपे ऐका. एकच ऐकलेत तर त्या गायकाची नक्कल होते. तीन ऐकलीत की काय बदलता येते आणि काय नाही, हे कळते.

स्वतः नोंदवताना ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात घ्या. एमपी३ थेट घेऊ नका, त्यात गेलेला तपशील परत मिळत नाही. फ्रिज आणि पंखा बंद करा. गाणे संपल्या संपल्या यंत्र थांबवू नका, कारण खरी माहिती त्यानंतरच्या बोलण्यात येते : हे कुणाकडून शिकलात, कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, गाण्यातली माणसे कोण. सुरुवातीलाच गायिकेचे नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवा. पुढे कुणाला ऐकवायचे, कुणाला नाही, याची लेखी परवानगी घ्या. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि एक गायिकेच्या घरी द्या.

प्रश्न : आयर्लंडमधली 'शान-नोस', म्हणजे जुन्या ढंगाची, गायकी आणि ही एकच का?

उत्तर : नाही. भाषा नात्यातल्या, पण वेगळ्या. आयरिश भाषेचा 'इरॅख्तस' महोत्सव १८९७ पासूनचा आहे आणि तिथली शान-नोस गायकांची मानाची स्पर्धा, 'कोर्न ई रीअदा', १९७२ पासूनची. तिथल्या गायकीत, विशेषतः कॉनमारा भागात, अलंकरण दाट असते. ते उचलून स्कॉटिश गाण्याला चिकटवले तर दोन्ही परंपरांच्या जाणकारांना खटकते.

प्रश्न : भाषा न येणाऱ्याने श्रोता म्हणून मॉडला कधी जावे?

उत्तर : लहान मुले ऐकायची असतील तर पहिले दिवस, वृंद ऐकायचे असतील तर शेवटचे. समारोपाला सगळे वृंद उघड्यावर एकत्र गातात, ते चुकवू नका. गाणे चालू असताना सभागृहात ये-जा करू नका, दोन गाण्यांच्या मध्येच दार उघडा. आणि ज्या वर्गाचे गाणे ठरवून दिलेले असते तो वर्ग आवर्जून पूर्ण ऐका. तेच गाणे आठव्यांदा ऐकताना उच्चारातले आणि श्वासातले फरक भाषा न येणाऱ्यालाही कळू लागतात.