स्मृतिभ्रंश झालेल्या आईला नवीन सवय लावता येते का?

हो, बऱ्याचदा येते. घडलेलं आठवणं आणि हाताला वळण लागणं ही मेंदूची दोन वेगळी कामं. १९५३ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाच्या मनात नवं काही टिकेनासं झालं. तरी आरशात बघून चांदणी गिरवायला तो तीन दिवसांत शिकला. आदल्या दिवशीचा सराव मात्र त्याला आठवतही नसे!

म्हणून आईला "चष्मा कुठे ठेवलास, आठव बघू" असं कृपा करून विचारू नका. आठवलं नाही की ती अंदाजाने सांगते, आणि तो चुकीचा अंदाजच पक्का होतो. तिचा हात धरून चष्मा रोज त्याच कोनाड्यात ठेवा, मग मदत हळूहळू कमी करा. गोंधळ एकाएकी वाढला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या संसर्गानेही असं होतं.