बोलण्याआधी ऐक

अरे, हॅम रेडिओचा कॉलसाइन (हवेतलं आपलं परवान्याचं नाव) मिळाला म्हणून लगेच पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबू नकोस. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे त्या तरंगलांबीच्या पट्ट्यात, आपल्याला जेमतेम ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, त्यात सगळा देश. आधी ऐक, ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ विचार, उत्तर आलं तर निदान तीन किलोहर्ट्झ सरक. जागा कुणाच्याच मालकीची नसते, पण रोजच्या नेटला, म्हणजे ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या हॅम मंडळींच्या बैठकीला, ती सोडावी.

आणि घोडबंदरच्या रहिवासी टॉवरमध्ये सेटवर घरघर ऐकू आली की शेजाऱ्यांवर घसरू नकोस. सेट बॅटरीवर लाव, घरचा मेन स्विच पाड. घरघर थांबली तर दोष आपल्याच घरात. माझ्याकडे एलईडी पट्टीचा अ‍ॅडाप्टर निघाला. तोवर खालच्या काकांना मी नको ते बोललो होतो. माफी मागितली, तरी अजून सलतं.

मुद्दाम कॅरियर टाकणाऱ्याला, म्हणजे नुसता कोरा सिग्नल सोडून बोलणं अडवणाऱ्याला, मात्र अवाक्षरही उत्तर देऊ नकोस.