पोरासाठी रिमोटची गाडी घेताना

चार वर्षांच्या पोरासाठी घेताय ना, मग खोक्यावरच्या 'हाय स्पीड'ला भुलू नका. तासाला 4-5 किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढा वेग घरात पुरतो. त्याहून जोरात गेली की आधी भिंत, मग रडारड. रिमोटवर मोठी, मोजकी बटणं असावीत; पिस्तुलासारखा रिमोट या वयात हातात मावत नाही.

नव्या पेठेत घ्या नाहीतर आणखी कुठे, दुकानदाराला खोकं उघडायला लावा. पुढचं चाक धरून हलकेच डावी-उजवीकडे वळवा. सहसा आधी मोडतो तो स्टिअरिंगचा प्लॅस्टिकचा दांडा. तो काडीसारखा बारीक दिसला तर गाडी ठेवून द्या, कितीही देखणी असली तरी. पुढे रबरी किंवा फोमचा बंपर हवाच. शहाबादी फरशीवर कडक प्लॅस्टिकची चाकं घसरतात, म्हणून टायर रबरी बघा.

घरात भावंडं असतील तर 2.4 गिगाहर्ट्झचाच सेट (रिमोट ज्या रेडिओ लहरींवर गाडीला हुकूम देतो, त्यांचा हा आकडा). 27 मेगाहर्ट्झच्या दोन गाड्या एकत्र चालवल्या की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची पळते, आणि भांडणं तुम्ही सोडवायची.

आयएसआय खूण बघा. 2021 पासून ती खेळण्यांना सक्तीची आहे. सेलच्या झाकणाला स्क्रू हवा. लिथियम बॅटरीची गाडी एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका, बॅटरी फुगते.

गाडी अडखळली तर लगेच मोटर गेली समजू नका. मागच्या आसाला केस आणि चादरीचे दोरे गुंडाळलेले सापडतील. सेल काढा, मग चिमट्याने ओढून घ्या.